जुन्या गाडीला नवा ब्रेक बूस्टर बसवल्यावर ब्रेक धरून राहत असेल तर

गाडी सकाळी घरून निघते तेव्हा ब्रेक लोण्यासारखा लागतो. पाचसात किलोमीटर गेल्यावर पेडल हळूहळू वर येऊ लागते आणि त्यातला मोकळा खेळ संपतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी पूर्वीसारखी घरंगळत जात नाही, साध्या चढावर पहिला गिअर टाकावा लागतो, आणि थांबून चाकाजवळ हात नेला तर ड्रमची धग स्पर्श होण्याआधीच जाणवते. अर्धा तास गाडी सावलीत उभी केली की सारे पूर्ववत होते. त्यामुळे गॅरेजमध्ये पोचेपर्यंत दोष दिसेनासा झालेला असतो आणि मेकॅनिक "काही नाही, बरोबर आहे" म्हणून परत पाठवतो. जुन्या गाडीला नव्या पद्धतीचा व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्यातून पायाचा जोर वाढवणारा डबा, बसवल्यानंतर माझ्यापर्यंत येणारी सर्वांत नेहमीची तक्रार हीच आहे.

याच्या जोडीने किंवा याच्याऐवजी आणखी काही लक्षणे आढळतात. बूस्टर असूनही पेडल दगडासारखे लागते; ब्रेक दाबताच इंजिनाचे आयडलिंग बिघडते आणि पायाशी फुसफुस ऐकू येते; पहिला दाब पोकळ जातो आणि दुसऱ्या दाबाला पेडल वर येते; किंवा नुसता पाय टेकवला तरी मागची चाके घासटत जातात. ही लक्षणे एकमेकांत मिसळू नयेत, कारण प्रत्येकाचे कारण निराळ्या जागी असते. विशेषतः एक फरक सुरुवातीलाच टिपून ठेवावा. इंजिन बंद असताना चाके मोकळी फिरतात आणि इंजिन सुरू करताच जड होतात, हा एक दोष आहे. इंजिन चालू असो वा बंद, गाडी थंड असताना चाके मोकळी आणि तापल्यावर जड, हा दुसरा. पहिल्यात दोष पेडल आणि बूस्टर यांच्यामध्ये असतो, दुसऱ्यात तो बहुधा बूस्टर आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर) यांच्यामध्ये असतो.

माझा अनुभव मुख्यतः फियाट अकराशे डिलाइट आणि तिचेच पुढचे नाव असलेली प्रीमियर पद्मिनी या गाड्यांवरचा आहे. १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या १०८९ सीसीच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि सारा जोर चालकाच्या पायाचा होता. आजच्या रहदारीत समोरची गाडी डिस्क ब्रेकवर जागच्या जागी थांबते, आपण मात्र पेडलवर अर्धे उभे राहतो. म्हणून मालक भंगारातून किंवा सुट्या भागांच्या दुकानातून एखाद्या नव्या हॅचबॅकचा बूस्टर आणि त्याच्याबरोबरचा दुहेरी, म्हणजे ऑइलच्या दोन स्वतंत्र वाटांचा, मास्टर सिलिंडर आणून बसवून घेतात. कल्पना चुकीची नाही, आणि एकेरी मास्टर सिलिंडर जाऊन दुहेरी येणे ही तर चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या गाड्या मी उघडल्या त्यांतल्या बहुतेकींत बूस्टर निर्दोष निघाला. दोष त्याच्या आणि मास्टर सिलिंडरच्या मधल्या एका मिलिमीटरात होता, आणि मालकाने तोवर दोन बूस्टर बदलून झालेले होते.

हा मिलिमीटर इतका महत्त्वाचा का, हे कळल्याखेरीज पुढच्या तपासण्यांना अर्थ नाही. मास्टर सिलिंडरच्या आत पिस्टनच्या कपाच्या (ऑइल अडवणाऱ्या रबराच्या) किंचित पुढे, सुईच्या अग्राएवढे एक छिद्र वरच्या टाकीत उघडते. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे येतो, हे छिद्र उघडे पडते, आणि उष्णतेने फुगलेले ब्रेक ऑइल टाकीत परत जाते. बूस्टरमधून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलणारी दांडी, म्हणजे पुश रॉड, केसभर जरी लांब असेल तरी पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि छिद्र कपाखाली झाकलेले राहते. गाडी थंड असताना काही कळत नाही. ड्रम तापले, ऑइल फुगले, की त्याला जायला वाट उरत नाही; ते ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानी) बाहेर ढकलते, शू घासून ड्रम आणखी तापतो, ऑइल आणखी फुगते, आणि चक्र स्वतःच स्वतःला आवळत जाते. काही नव्या मास्टर सिलिंडरांत छिद्राऐवजी पिस्टनच्या मधोमध झडप असते, पण पिस्टन पूर्ण मागे यावा लागतो ही अट तिथेही तीच आहे.

तपासणीला बसण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करावी आणि जी चाके उचलायची नाहीत त्यांच्या पुढे-मागे दगड किंवा ठोकळे लावावेत. जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये. खाली स्टँड हवाच.

बिनखर्चाची पहिली तपासणी पेडलची आहे. पायाखालची जाड मॅट, गंजलेला पेडलचा पिव्होट, सैल झालेली परतीची स्प्रिंग किंवा फार पुढे आणून बसवलेला ब्रेक लाइटचा स्विच, यांपैकी काहीही पेडलला शेवटच्या पाच मिलिमीटरमध्ये अडवू शकते. पेडल बोटाने स्वतःकडे ओढून पाहावे. ओढल्यावर ते आणखी वर आले आणि चाक मोकळे झाले, तर पुढे काहीही उघडण्याची गरज नाही. पेडल हाताने हलके दाबल्यावर बूस्टरचा विरोध सुरू होण्याआधी थोडा मोकळा खेळ लागला पाहिजे. पेडलच्या टोकाशी पाच ते दहा मिलिमीटर हे मी समाधानकारक मानतो. हा खेळ शून्य असेल तर बूस्टरच्या मागच्या बाजूची दांडी पेडलच्या काट्याशी ताणून बसवलेली आहे, म्हणजे चालक पाय न ठेवताही बूस्टरला ब्रेक दाबल्याचा निरोप मिळत राहतो. इंजिन चालू करताच चाके जड होणाऱ्या गाड्यांत निम्म्या वेळा हेच निघते, आणि लॉक नट सैल करून काटा दोन फेरे फिरवणे एवढाच उपाय असतो.

दुसरी तपासणी ब्रेक ऑइलच्या टाकीची. टाकीच्या झाकणाला हवा येण्याजाण्याची वाट असते, ती मळाने बुजलेली नाही ना ते पाहावे. मग झाकणाच्या आतले रबर हाताने चाचपावे. ते फुगून लाटांसारखे वाकडे झाले असेल आणि झाकणात परत बसत नसेल, तर या गाडीच्या ब्रेकमध्ये कधीतरी इंजिन ऑइल, स्टिअरिंगचे ऑइल किंवा रॉकेल गेलेले आहे. खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात, मास्टर सिलिंडरमधला कप फुगून तेच छिद्र झाकतो आणि लक्षण हुबेहूब लांब पुश रॉडसारखे दिसते. सुटे भाग पेट्रोलने धुऊन बसवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ते स्पिरिटने किंवा ब्रेक ऑइलनेच धुवावेत. झाकणाचे रबर फुगलेले दिसले तर इथेच थांबावे, कारण मग मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर (चाकातले शू ढकलणारे छोटे सिलिंडर) आणि रबरी नळ्या या सर्वांची रबरे बदलून पाइप धुऊन काढावे लागतात. अर्धवट काम केले तर महिन्याभरात दोष परत येतो.

तिसरी तपासणी केवळ पायाने करायची आहे आणि तिला पाच मिनिटे पुरतात. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पेडल दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पाय थोडा खाली गेला तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोचतो आणि तो काम करतो. त्यानंतर इंजिन मिनिटभर चालवून बंद करावे आणि पेडल सावकाश तीनदा दाबावे. पहिल्यांदा ते खोल जाईल, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा त्याहून कमी. तिन्ही वेळा पहिल्यापासूनच कडक लागले तर व्हॅक्यूम साठून राहत नाही. शेवटी इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे, तसेच इंजिन बंद करावे आणि ३० सेकंद पाय अजिबात हलवू नये. पेडल पायाला वर ढकलू लागले तर बूस्टरमध्ये किंवा त्याच्या झडपेत गळती आहे. पायाखाली बुडत गेले तर बूस्टरचा संबंध नाही, मास्टर सिलिंडरचे आतले कप ऑइल सोडत आहेत किंवा कुठेतरी बाहेर गळती आहे. बाहेर थेंब दिसत नसेल तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या सांध्याखाली बोट फिरवून पाहावे, कारण तिथून गळणारे ऑइल बूस्टरच्या पोटात जाते आणि जमिनीवर काहीच दिसत नाही.

याच ठिकाणी एक गोष्ट सांगणे भाग आहे. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये दोनतीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची आपल्याकडची जुनी सवय विनाबूस्टरच्या गाडीतही वाईटच होती, पण निदान ब्रेक प्रत्येक वेळी तसाच लागत असे. बूस्टर बसवलेल्या गाडीत चौथ्या वळणावर पेडल अचानक दगड होते.

आता व्हॅक्यूमची नळी. ती इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा आणि पेट्रोल नेणाऱ्या मार्गातून), कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलच्या खालच्या बाजूने, चांगल्या जाडीची निघाली पाहिजे. डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या बारीक नळीला फाटा काढून बूस्टर जोडलेला मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिला आहे. त्या नळीतून एवढ्या मोठ्या डब्यातली हवा वेळेत खेचली जाऊ शकत नाही, आणि अनेक गाड्यांत तिथे आयडलिंगला व्हॅक्यूमच नसतो. नळी व्हॅक्यूमसाठीचीच, जाड भिंतीची हवी. पाण्याची किंवा पेट्रोलची नळी इंजिन तापले की आतल्या ओढीने चपटी होते, आणि थंड झाल्यावर पुन्हा गोल होऊन निरागस दिसते. ज्या जुन्या गाड्यांत नंतर डिझेल इंजिन टाकलेले आहे तिथे मॅनिफोल्डमध्ये उपयोगी पडेल असा व्हॅक्यूम मिळतच नाही, त्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप नसेल तर बूस्टर केवळ वजन आहे.

नळीच्या बूस्टरकडच्या टोकाला एकमार्गी झडप असते. ती काढून तोंडाने फुंकून पाहावी: बूस्टरकडून इंजिनाकडे हवा गेली पाहिजे, उलट दिशेने मुळीच जाता कामा नये. ही स्वस्त वस्तू आहे, संशय आला तरी बदलावी. ती निकामी झाली की मॅनिफोल्डमधली पेट्रोलची वाफ बूस्टरमध्ये शिरते आणि डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, खाऊन टाकते, म्हणजे थोडक्या पैशांची झडप वाचवण्यात बूस्टर जातो.

व्हॅक्यूम गेज मिळाले तर अवश्य लावावे. समुद्रसपाटीजवळ चांगल्या पेट्रोल इंजिनाला आयडलिंगला साधारण ४५० ते ५३० मिलिमीटर पारा एवढा व्हॅक्यूम मिळतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या डायफ्रामचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते, आणि ५०० मिलिमीटरच्या व्हॅक्यूमला त्यावर सुमारे २१० किलोचा जोर पडतो. आतल्या स्प्रिंगचा विरोध वजा केला तरी हा आकडा पायाच्या जोराच्या तुलनेत फार मोठा आहे. उंचीवर तो घटतो, कारण बाहेरच्या हवेचा दाबच कमी असतो. सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात हाच बूस्टर मुंबईपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी मदत करतो. घाट चढून गेल्यावर पेडल थोडे जड लागते म्हणून घाबरून बूस्टर खोलू नये. पण पायथ्याशीच गेज ३५० च्या आसपास रेंगाळत असेल, तर दोष ब्रेकमध्ये नसून व्हॉल्व्ह, टायमिंग किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमध्ये आहे.

इथपर्यंत सारे ठीक निघाले आणि गाडी तरीही तापून धरत असेल, तर ती धरलेली असतानाच तपासावी लागते. थंड गाडी काहीही सांगत नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर फेऱ्या मारून ब्रेक धरू द्यावा, गाडी उभी करावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि एक पुढचे चाक उचलून ते हाताने फिरत नाही याची खात्री करावी. मग पुढील क्रमाने, एकेक पायरी करून, दर वेळी चाक फिरवून पाहावे.

आधी मास्टर सिलिंडरला बूस्टरवर धरणारे दोन नट दोनतीन फेरे सैल करावेत. मास्टर सिलिंडर स्वतःहून पुढे सरकला आणि चाक सुटले, तर पुश रॉड लांब आहे, शोध संपला. चाक सुटले नाही तर नट परत आवळून मास्टर सिलिंडरमधून त्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपचे नट किंचित सैल करावे, खाली फडके धरून, कारण ब्रेक ऑइल रंग उतरवते. ऑइल जोराने उडाले आणि चाक सुटले तर मास्टर सिलिंडरच्या आत छिद्र बुजलेले आहे किंवा कप फुगला आहे. तिथेही सुटले नाही तर चाकावरचे ब्लीडर निपल (हवा काढण्याचे छोटे तोंड) उघडावे. आता चाक सुटले तर मधली रबरी नळी आतून फुगून बंद झालेली आहे. पायाच्या जोराने ऑइल तिच्यातून पुढे जाते, पण शूच्या स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. निपल उघडूनही चाक जड राहिले तर दाबाचा प्रश्नच नाही: शूच्या स्प्रिंग थकल्या आहेत, व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकला आहे, शू फार जवळ आणून ठेवले आहेत, किंवा मागच्या चाकात हँडब्रेकची केबल सुटत नाही. पाइप किंवा निपल उघडले असेल तर नंतर हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नये.

या क्रमाची किंमत मला खंबाटकीच्या पायथ्याशी कळली. एका स्नेह्यांच्या पद्मिनीत आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. शिरवळच्या रहदारीत सतत ब्रेक मारावे लागले, आणि खंडाळा ओलांडल्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढेनाशी झाली. घाट सुरू होण्याआधीच्या ढाब्यावर थांबलो तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांतून जळक्या लायनरचा वास येत होता. स्नेह्यांचे मत ठाम होते: "बूस्टरच गेला, दुसरा आणला पाहिजे." तेराच्या पान्याने मी मास्टर सिलिंडरचे दोन्ही नट सैल केले आणि तो आमच्या डोळ्यांदेखत जवळजवळ दोन मिलिमीटर पुढे आला. चाक उचललेले होते. बोटाने ढकलताच फिरले. ते काही क्षण नुसते पाहत राहिले आणि मग म्हणाले, "एवढंच?"

एवढेच असते, पण मोजावे नीट लागते. पाइपांना पुरेसा झोळ असेल तर ते न उघडता मास्टर सिलिंडर पुढे ओढता येतो. मुलांची खेळण्यातली माती वाटाण्याएवढी घेऊन पुश रॉडच्या टोकाला लावावी, मास्टर सिलिंडर परत बसवून नट सारखे आवळावेत, पुन्हा काढावा आणि मातीचा उरलेला थर व्हर्नियरने मोजावा. तो थर म्हणजे दांडी आणि पिस्टन यांच्यातले अंतर. त्या दिवशी माती नव्हती, म्हणून ढाब्यावरून कणकेची गोळी मागून घेतली आणि तिला पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळले, कारण पाणी आणि पीठ दोन्ही मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी राहिलेले चालत नाही. दांडी लांब असेल तर थर शून्यच निघतो आणि ती किती लांब आहे ते कळत नाही. अशा वेळी दोन्ही स्टडवर मोजलेल्या जाडीचे, समजा २ मिलिमीटरचे, वॉशर घालून मोजावे आणि आलेल्या आकड्यातून २ वजा करावेत. आम्हाला थर ०.८ मिलिमीटर मिळाला, म्हणजे दांडी १.२ मिलिमीटर जास्त होती.

अंतर किती असावे याचा आकडा ज्या गाडीचा बूस्टर आहे तिच्या दुरुस्ती पुस्तकात असतो आणि तोच प्रमाण मानावा. काही कंपन्या बूस्टरला व्हॅक्यूम लावून मोजायला सांगतात, कारण व्हॅक्यूमने त्याचा पत्रा किंचित आत ओढला जातो आणि अंतर घटते. पुस्तक नसेल तेव्हा मी इंजिन बंद असताना अर्ध्यापासून एक मिलिमीटरपर्यंत अंतर ठेवतो. त्याहून जास्त ठेवण्याचा मोह टाळावा: पेडलचे गुणोत्तर पाचास एक असेल तर इथला प्रत्येक जादा मिलिमीटर पायाखाली पाच मिलिमीटर पोकळी होऊन येतो. पुश रॉडच्या टोकाला बहुधा फिरवता येणारा बोल्ट असतो. सहा मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्याला एका फेऱ्यात एक मिलिमीटर पडतो, म्हणून आम्ही तो जवळजवळ दोन फेरे आत घेतला, अंतर पुन्हा मोजून ०.७ असल्याची खात्री केली आणि सातारा गाठले.

दोन चुका इथे हमखास होतात. पहिली, मोजण्यासाठी घातलेले वॉशर कायमचे आत ठेवणे. अनेक नव्या बूस्टरांत मास्टर सिलिंडरच्या नाकावरची रबरी रिंगच व्हॅक्यूम अडवते. मध्ये फट राहिली की तिथून हवा शिरते, आणि ब्रेक सुटतो पण बूस्टरही जातो. दुसरी चूक, दांडी फिरत नाही म्हणून ती बाहेर ओढून काढणे. तिच्या मागे रबराची एक जाड चकती असते, जी पायाला ब्रेकचा अंदाज देते. दांडी उपसताना ती निसटून बूस्टरच्या पोटात पडते आणि दांडी परत घातल्यावर सारे ठीक दिसते. पण त्यानंतर पाय नुसता टेकवला तरी ब्रेक झडप घालतो. दांडीला पान्यासाठी सपाट बाजू असते, ती धरून फक्त टोक फिरवावे. पत्र्याची कड मुडपून बंद केलेला बूस्टर घरी उघडायचा नसतो. चकती पडल्याचा संशय आला तर तो बदलावा.

अंतर बरोबर असूनही ब्रेक हळू सुटत असेल तर बूस्टरच्या मागच्या तोंडाशी, पेडलच्या दांडीभोवती, असलेला फोमचा छोटा फिल्टर पाहावा. केबिनमधला गालिचा किंवा आवाज रोखण्यासाठी चिकटवलेला नमदा त्याच्यावर आला की हवा आत यायला वेळ लागतो.

चाकांकडच्या कामाबद्दल थोडक्यात. रबरी नळ्या बाहेरून चकचकीत दिसल्या तरी दहा वर्षांपूर्वीच्या असतील तर बदलाव्यात. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ती ओल्या फडक्याने पुसावी. शूच्या स्प्रिंग नव्या घालाव्यात, कारण बूस्टर शू दाबायला मदत करतो, सोडवायला करत नाही.

यापुढचे दोष मापांच्या विसंगतीचे असतात आणि ते पान्याने सुटत नाहीत. ड्रम ब्रेकच्या अनेक जुन्या मास्टर सिलिंडरांत पाइपमध्ये साधारण पाऊण किलो दाब धरून ठेवणारी एक झडप असते, जिच्यामुळे व्हील सिलिंडरचे कप पसरलेले राहतात. डिस्क ब्रेकच्या वाटेला ती नसते. म्हणून हॅचबॅकचा मास्टर सिलिंडर चार ड्रमच्या गाडीवर लावला की पहिला दाब पोकळ जातो. उलट ड्रमची वाट नव्याने बसवलेल्या डिस्कला जोडली तर ती डिस्क कायम घासत राहते. मास्टर सिलिंडरच्या बोअरचेही, म्हणजे आतल्या व्यासाचेही, तसेच आहे. १९ मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा बसवला तर पायाच्या त्याच जोराला ऑइलचा दाब सुमारे चौथ्या हिश्शाने कमी मिळतो, आणि बूस्टरची निम्मी कमाई तिथेच जाते. शिवाय ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच स्वतःला आवळत असतो; त्यावर विनाबूस्टरच्या पेडलचे मोठे गुणोत्तर आणि वर बूस्टर, असे तिन्ही एकत्र आले की ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी लॉक होतात. हे जुळवणे म्हणजे बोअर, पेडलचा पिव्होट आणि मागच्या चाकांचा दाब कमी करणारी झडप यांचा एकत्र हिशेब करणे आहे. तो ज्याने पूर्वी केला आहे अशा ब्रेकच्या जाणकाराकडेच गाडी न्यावी.

फायरवॉलबाबतही, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याबाबतही, माझे मत तसेच ठाम आहे. एखाद्याला पेडल जोरात दाबायला सांगून बॉनेट उघडे ठेवून पाहावे. बूस्टरसकट पत्रा पुढे झुकताना दिसला, किंवा बूस्टरच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगजवळ केसासारखी चीर दिसली, तर गाडी चालवत नेऊ नये, उचलून न्यावी. पन्नास-साठ वर्षांच्या पत्र्यावर हे वजन आणि हा जोर टाकायचा तर आतून जाड प्लेट लागते. २०२१ साली केंद्राच्या नियमांत विंटेज गाड्यांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद झाली, आणि तिला पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी अपेक्षित आहे. तशी नोंदणी मनात असेल तर पत्र्याला छिद्र पाडण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

याखेरीज तीन प्रसंगी स्वतः काही करू नये. तीस सेकंदांच्या चाचणीत पेडल बुडत असेल. ब्लीडिंग (पाइपमधली हवा काढणे) दोनदा करूनही पेडल स्पंजासारखे लागत असेल. किंवा ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढत असेल. या तिन्हींत पुढच्या दाबाला ब्रेक लागेलच याची हमी नसते, आणि रस्त्यावर प्रयोग करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुरुस्ती झाल्यावर मी गाडी आधी आवारातच इंजिन बंद आणि चालू अशा दोन्ही स्थितींत थांबवून पाहतो, आणि मग दहा किलोमीटरची, मुद्दाम ब्रेक मारत जाण्याची फेरी घेतो. परतल्यावर सपाट जागी गिअर काढून गाडी हाताने ढकलतो. एका माणसाच्या ढकलण्याने ती हलली पाहिजे आणि चारही ड्रमची धग डावी-उजवीकडे सारखी लागली पाहिजे. मग नटांच्या कडेला पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो, म्हणजे पुढच्या खेपेला कुणी तिथे पाना लावला असेल तर लगेच कळते, आणि पुश रॉडचे मोजलेले अंतर तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतो.